हजर आणि हाय

ईशा आणि रोहन,

गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ईशा पडद्यावर आली, "हाय आजी" म्हणाली आणि बाजूला झाली. पुढे रोहन बराच वेळ त्याच्या मॅचबद्दल बोलला. खरं सांगते रोहन, त्यातलं मी फारसं ऐकलं नाही. माझं लक्ष त्या एका शब्दातच अडकलं होतं. नंतर तुमच्या आईने सांगितलं, की ईशा वर्गात बसलेली असते पण तिथे नसते हे तिच्या शाळेच्या लक्षात आलं, त्यांनी घरी कळवलं आणि आता शाळेतल्याच एका समुपदेशक बाईंकडे ती आठवड्यातून एकदा जाते. हे ऐकून मी घाबरेन अशी तुमच्या आईला भीती होती. मी घाबरले नाही. तिकडे कुणीतरी ऐकलं, याचं मला बरं वाटलं.

तुम्ही म्हणता तो 'हाय' इंग्रजी. आमच्या शिरूर-दौंडकडे 'हाय' हा मराठी शब्द आहे. 'आहे'ला इथे 'हाय' म्हणतात. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंनी या एका शब्दावर वर्ग सांभाळला, आणि तो शब्द एकदा कुणी ऐकला नाही तेव्हा काय झालं तेही मी पाहिलं. हे तुम्हाला कधी तरी सांगायचं होतं. आता ईशासाठी लगेच सांगावंसं वाटतं. वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. पण बाईंचं बोलणं तिला सुधारू देऊ नका. का, ते पुढे कळेल.

त्यांचं नाव सुमन रणपिसे. शाळेत त्या नुसत्या 'बाई' होत्या. मी 'इंग्लिशच्या मॅडम', बाकीच्या त्या त्या आडनावाच्या मॅडम, आणि बाई म्हटलं की रणपिसे बाई.

आमची शाळा राहूच्या बाजूला, उसाच्या रानांमध्ये. मी तळेगाव ढमढेऱ्याहून एसटीने जायची. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपून दौंड सुरू व्हायचा. बाई गावातच राहायच्या, विहारामागच्या दोन खोल्यांत. लग्न केलेलं नव्हतं. अंगाने किरकोळ, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. वेळ बघताना समोरच्याला कळू नये म्हणून ती तशी, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. बोलणाऱ्या मुलाला घाई वाटता कामा नये.

त्यांची पहिली सवय माझ्या लक्षात आली ती अशी, की त्या स्वतःच्याच वर्गाचं दार वाजवून आत जायच्या. दार उघडंच असायचं. तरी दोन बोटांनी टकटक करायच्या, क्षणभर थांबायच्या, मग पाऊल टाकायच्या. आम्ही शिक्षकखोलीत यावर हसायचो. एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "आत माणसं बसल्यात ताई. न इचारता कसं शिरायचं?"

आता हजेरीचं सांगते. तुमच्याकडे कशी घेतात मला माहीत नाही. आमच्याकडे शिक्षक नाव घेतात आणि मूल "हजर" म्हणतं. बाईंच्या वर्गात दोन उत्तरं चालायची, 'हजर' आणि 'हाय'. इथल्या माणसाला "कसं काय?" विचारलं आणि त्याचं सगळं धड नसलं, तर तो म्हणतो, "हाय आपलं." म्हणजे तक्रार नाही, पण बरं आहे असंही नाही. बाईंनी हे उचललं. नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी त्या सांगायच्या, की पूर्ण आला असाल तर हजर म्हणा. अंग आलंय आणि मन घरी, रानात, कुठं मागं राहिलंय, तर नुसतं हाय म्हणा. कारण कुणी विचारणार नाही.

आणि खरोखर कुणी विचारायचं नाही. "हाय बाई" असं ऐकू आलं, की त्या मान वर न करता पुढचं नाव घ्यायच्या. मधल्या सुट्टीत ते मूल आपणहून वऱ्हांड्याच्या टोकाला, शिक्षकखोलीच्या खिडकीखाली येऊन बसायचं. बाईंच्या कापडी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा असायच्या. दोघं सोलत बसायची. बाई काहीही विचारायच्या नाहीत. हाताला काम असलं आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नसला की मुलाला बोलणं सोपं जातं, असं त्यांचं मत होतं. काही मुलं बोलायची, काही नुसत्याच शेंगा सोलून जायची.

सुरुवातीला काही बागायतदार घरांतून मुलांना बजावून पाठवत, की त्या बाईच्या पिशवीतलं खायचं नाही. बाई कुठल्या समाजाच्या हे गावाला माहीत होतं आणि गाव काय सांगून पाठवतं हे बाईंना माहीत होतं. असं मूल शेजारी येऊन अवघडून बसलं की त्या म्हणायच्या, "खाऊ नगं रं. नुसत्या सोल." सोलता सोलता एखादा दाणा तोंडात जायचाच. बाई तेव्हा दुसरीकडे बघत असायच्या.

एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते. हजेरीच्या वेळी ते वर्गात मागे उभे. दोन मुली लागोपाठ "हाय बाई", "हाय बाई" म्हणाल्या. साहेब खूश. खेड्यातल्या मुली इंग्रजीत अभिवादन करतात म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांपुढे माझं कौतुक केलं आणि शेऱ्यातही दोन ओळी लिहिल्या. बाई शेजारी उभ्या होत्या, चेहरा कोरा. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "ताई, तुमचं इंग्रजी लई लांबवर पसरलं की हो."

मग सुरक्षित शाळेचं परिपत्रक आलं. कॅमेरे बसले, तक्रारपेटी आली. मुख्याध्यापकांनी पेटी आपल्या खोलीबाहेर, बरोबर कॅमेऱ्याखाली ठोकली, कारण ती चोरीला जाऊ नये. महिना झाला, पेटी रिकामी. शाळेत तक्रारच नाही म्हणून ते समाधानी होते. बाई म्हणाल्या, "सर, पेटीवर डोळा लावून ठेवलाय. पोरं त्यात काय टाकणार, मत?" शेवटी त्यांनीच शिपाईमामांकडून ती काढून पाण्याच्या टाकीमागे लावून घेतली. तिथे हात धुवायला गेलेलं कुणी दिसत नसे. पहिल्या आठवड्यात पेटीत गोळ्यांचे कागद निघाले, आणि एक चिठ्ठी, "शेंगा खवट हुत्या." बाईंनी ती आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली आणि शेंगा बदलल्या. त्यानंतर मुलं त्या पेटीत खरं लिहू लागली. शेंगांबद्दल लिहिलेलं कुणी वाचतं, तर बाकीचंही वाचेल, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या सगळं आपल्याच अंगावर घ्यायच्या असं मात्र नाही. पुण्याहून प्रशिक्षणाला आलेल्या समुपदेशक बाईंनी त्यांना समजावलं होतं, की कुठवर ऐकायचं आणि कुठे डॉक्टरकडे पाठवायचं. बाईंनी ते मनापासून ऐकलं होतं. अडचण गावाची होती. आठवीतली एक मुलगी जेवेना, झोपेना, वर्गात तिचे हात थरथरत. दौंडला मनाच्या आजारांचे डॉक्टर बसत. वडील म्हणाले, "पोरगी काय येडी हाय का माझी? उद्या सोयरीक कोण करंल?"

बाई म्हणाल्या, "तुमची पोरगी न्हाई आप्पा, येडी मी हाय. मला जायचंय त्या डॉक्टरकडं. एकटीला जाववत न्हाई. सोबतीला पोरगी द्या."

शिक्षकाला नाही म्हणायचं कसं? मुलगी सोबत गेली. बाई आधी स्वतः डॉक्टरांपुढे बसल्या, मग तिला बसवलं. महिन्या-महिन्याला अशी ये-जा वर्षभर चालली. मुलगी बरी झाली. गावात मात्र पसरलं की रणपिसे बाईला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. पाठीमागे 'येडी बाई' म्हणू लागले. मला राग यायचा. बाई म्हणायच्या, "गावात एक येडं असावंच लागतं ताई. समद्यांची सोय व्हती." त्यानंतर आणखी तीन-चार मुलं अशीच बाईंच्या 'सोबतीला' दौंडला गेली.

इथपर्यंत लिहायला मला सोपं गेलं. पुढचं तुम्ही दोघांनी शेजारी बसून वाचा.

निखिल नववीत होता. वडील कुरकुंभच्या औषध कंपनीत पाळीवर, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. धाकटी बहीण आरती. मुलगा शांत, अक्षर सुरेख, सगळ्या शिक्षकांचा आवडता. त्याचं उत्तर नेहमी "हजर" असायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याने प्रथमच "हाय" म्हटलं. मग आठवड्यात दोनदा. सुट्टीत तो बाईंजवळ येऊन बसायचा. मी खिडकीत वह्या तपासत असायची, मला दोघांच्या पाठी दिसायच्या. तो बोलत नसे. बाईही बोलत नसत.

एका शनिवारी शाळा लवकर सुटायची होती. निखिल सोलता सोलता थांबला. "बाई," तो म्हणाला, "मला एक सांगायचं हाय." बाईंचे हात चालूच राहिले. तो पुढे काही म्हणणार तेवढ्यात घंटा झाली आणि वऱ्हांड्यात पोरांचा लोंढा आला. तो उठला, अंगावरची टरफलं झटकली. "सोमवारी सांगतो," म्हणाला.

बाई म्हणाल्या, "सोमवारी शेंगा भाजून आणते."

रविवारी संध्याकाळी बाईंना मतदार यादीच्या कामाचा निरोप आला. आमच्याकडे शिक्षकांना हे काम करावं लागतं, ते टाळता येत नाही. सोमवारी त्या पलीकडच्या वाडीत घरोघर फिरत होत्या. त्यांच्या वर्गावर शितोळे सर गेले. ते नुकतेच लागले होते. शिकवायचे मराठी. तरुण, मनाने चांगले, मुलांसाठी धडपडणारे. बोलण्यातल्या गावठीपणामुळे आपली मुलं पुण्यात मुलाखतीत मागे पडतात, हे त्यांना खुपायचं, आणि म्हणून ते दिसेल तिथे मुलांचं बोलणं नीट करायचे.

त्यांनी निखिलचं नाव घेतलं. तो म्हणाला, "हाय."

सर म्हणाले, "हाय काय? हजर म्हणावं."

निखिल उभा राहिला आणि स्पष्ट म्हणाला, "हजर, सर."

"शाब्बास," सर म्हणाले.

'हाय' म्हणजे काय हे त्या खोलीतल्या एकूणएक मुलाला माहीत होतं. एकट्या सरांना नव्हतं, आणि सरांना ते सांगायचं असतं हे मुलांना माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीनंतर निखिलची जागा रिकामी होती. दप्तर बाकावर होतं.

लोकांनी आधी ऊस पालथा घातला. आमच्याकडे बिबट्यांचा फार सुळसुळाट, मुलं घोळक्याने शाळेत येतात. पोरगा दिसत नाही म्हटल्यावर पहिला विचार तोच. गावातली पोरं काठ्या आपटत, डबे बडवत संध्याकाळपर्यंत रानं तुडवत होती. वडील कंपनीच्या निळ्या कपड्यांतच आले होते. दुसऱ्या दिवशी रेल्वेत काम करणारा गावातला एकजण म्हणाला, की त्याने निखिलला दौंडच्या फलाटावर, पाण्याच्या नळाजवळ शाळेच्या गणवेशात बसलेला पाहिला होता. मामाकडे निघाला असेल, असं वाटून तो पुढे गेला. दौंडहून गाड्या चारी दिशांना जातात. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, वडील रजा टाकून स्टेशनं पालथी घालत फिरले.

निखिल सापडला नाही. काय सांगायचं होतं तेही कुणाला कळलं नाही. घरी भांडण नव्हतं, मार्क चांगले होते, कुणी छळल्याचं कुणी सांगितलं नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, खरोखरच माहीत नाही.

बाई सोमवारच्या त्या भाजलेल्या शेंगा पिशवीत घालून मंगळवारी शाळेत आल्या होत्या. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

चार दिवसांनी वर्गातल्या एका मुलीने शितोळे सरांना सांगितलं, "सर, त्यो हाय म्हणला हुता." आणि 'हाय'चा अर्थ सांगितला. सर सुट्टीत शिक्षकखोलीत आले. आम्ही दोघीच होतो. ते बाईंपुढे येऊन उभे राहिले. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. पिशवीतून मूठभर शेंगा काढून त्यांच्या हातात दिल्या. सर सोलू लागले. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाले, "मी त्याला शाब्बास म्हटलं बाई."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला ठावं नव्हतं सर. तुम्ही शुद्ध बोललात, एवढंच." मग म्हणाल्या, "चूक असंल तर माझी हाय. पोरांना शिकवलं, तुम्हाला न्हाई सांगितलं. माझा कान हाय म्हणून भागतंय, असं वाटत हुतं मला. एका माणसाच्या कानावर शाळा टाकू नये. त्यो कान एक दिवस वाडीला जातो."

त्या आठवड्यापासून बाईंनी सगळ्यांना तो शब्द शिकवला. मुख्याध्यापकांना, मला, कारकुनांना, शिपाईमामांना, खिचडी शिजवणाऱ्या मावशींना, मुलांना आणणाऱ्या जीपवाल्यालासुद्धा. शिकवायचं फार नव्हतंच. पोरानं 'हाय' म्हटलं तर दुरुस्त करू नका, कारण विचारू नका, त्याच दिवशी त्याच्याजवळ कुणीतरी बसा. आणि त्याला 'उद्या' म्हणू नका. हे शेवटचं त्या दर वेळी दोनदा सांगायच्या.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली, आणि तिने आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. मूल फार दिवस आलं नाही की पटावरून त्याचं नाव काढतात. शाळेच्या भाषेत त्याला 'नाव कमी करणे' म्हणतात. निखिलचं नाव कमी करायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, पटावरून करा, मी नाही करणार. रोजच्या हजेरीत सगळी नावं झाली की शेवटी त्या त्याचं नाव घ्यायच्या, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग थांबायच्या. बाहेर पंपाचा आवाज, कुठे तरी मोर. मग त्या पुस्तक उघडायच्या.

निखिलचा वर्ग दहावी होऊन गेला तरी नाव राहिलं. ज्यांनी त्याला पाहिलंही नव्हतं ती मुलं आता ते नाव रोज ऐकायची. शेवटच्या बाकावर कुणी बसेना. तिथे निखिल बसतो, असं लहान मुलं एकमेकांना सांगू लागली. एकीने त्या बाकावर ओली पावलं पाहिली म्हणे. मी स्वतः देवभोळी नाही, माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. पण संध्याकाळी एसटीची वाट बघताना त्या वर्गावरून जायची वेळ आली, तर मी वऱ्हांडा सोडून मैदानातून जायची. मुख्याध्यापकांनी बाईंना समजावलं. मीही एकदा म्हटलं, मुलं घाबरतात हो. त्या म्हणाल्या, "त्यो आला आन् नावच न्हाई, असं व्हायला नगं ताई."

आरती आठवीत आली आणि बाईंच्या वर्गात बसली. पहिल्याच दिवशी यादी संपली, बाईंनी तिच्या भावाचं नाव घेतलं आणि थांबल्या. सगळ्या माना आरतीकडे वळल्या. ती खाली बघत होती. रोज हे असंच. जून गेला, जुलै गेला. आरती "हजर" म्हणायची, मोठ्याने. तिचे वडील अजूनही सुट्टी मिळाली की कुठल्या तरी स्टेशनावर जायचे. आईने घरात जेवायला चार ताटं घ्यायचं सोडलं नव्हतं.

पुढचा प्रसंग मी आरतीच्या परवानगीने लिहिते आहे. ती आता नर्स आहे, शिरूरला एका दवाखान्यात. ही पानं मी तिला वाचायला दिली. तिने एकाच जागी बोट ठेवलं. "मॅडम," ती म्हणाली, "मी 'आहे' म्हणले नव्हते. 'हाय' म्हणले होते." माझ्या हाताने लिहिता लिहिता तिचा शब्द शुद्ध केला होता. मी तो परत लिहिला.

तर ऑगस्टमधल्या एका दिवशी बाईंनी आरतीचं नाव घेतलं. आरती म्हणाली, "हाय."

बाईंनी पुढचं नाव घेतलं, पण अडखळून. सुट्टीत आरती खिडकीखाली येऊन बसली. दोघींच्या पाठी मला दिसत होत्या. त्या दिवशी मी वह्या उघडल्यादेखील नाहीत. सोललेल्या शेंगांचा ढीग झाला आणि मग आरती म्हणाली, "बाई, तुम्ही दादाचं नाव घेता तवा समदी माझ्याकडं बघत्यात. घरी बी त्येच. आई दादाचं ताट वाढती, आबा दादाला हुडकायला जात्यात. मी रोज हजर असती. मला कोण बघतच न्हाई." मग अगदी हळू, "कधी वाटतं, मी बी जावं. म्हंजी माझं बी नाव घेतील."

बाईंचे हात थांबले. सोलता सोलता त्यांचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्या वळल्या आणि आरतीच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "आज कुठं जायचं न्हाई. आज माझ्यासंगं बस."

घंटा झाली. बाई उठल्या नाहीत. शितोळे सर वऱ्हांड्यातून जात होते, त्यांनी त्या दोघींना पाहिलं आणि काही न विचारता बाईंच्या वर्गावर जाऊन उभे राहिले. शाळा सुटेपर्यंत त्या दोघी तिथेच होत्या. संध्याकाळी बाई आरतीला घेऊन तिच्या घरी गेल्या, आईवडिलांशी बोलल्या, आणि त्या आठवड्यात चौघं मिळून दौंडला डॉक्टरांकडे गेले. या वेळी बाईंनी वेड आपल्या नावावर घेतलं नाही. "पोरीला दाखवायचंय," असं सरळ सांगितलं. वडिलांनीही नाही म्हटलं नाही.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी दार वाजवलं, आत गेल्या, हजेरी घेतली. आरतीचं नाव आल्यावर त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहून ते घेतलं. यादी संपली. त्यांनी पुस्तक उघडलं. निखिलचं नाव त्यांनी पुन्हा कधी वर्गात घेतलं नाही. पण मी शेजारच्या वर्गातून ऐकायची, शेवटचं नाव आणि पुस्तकाचं पान यांच्यामध्ये तेवढीच जागा राहायची. पुढच्या वर्षी शेवटच्या बाकावर मुलं बसू लागली.

बाई निवृत्त झाल्या आणि दौंडला भाचीकडे राहायला गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दौंड स्टेशनावर. मी सोलापूरहून येत होते, माझा डबा पाण्याच्या नळासमोर थांबला. दिवस सोमवार होता, सकाळची वेळ. बाई नळाजवळच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर ती पिशवी. गाडीतून माणसं उतरत होती. बाई उठून शोधत नव्हत्या, कुणाला विचारत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. उतरणारा प्रत्येक तरुण मुलगा पुढे येईपर्यंत त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि मग हातातली शेंग फोडायच्या. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी मला ओळखलं, हसल्या.

"कशा आहात बाई?" मी विचारलं.

"हाय," त्या म्हणाल्या.

मी बॅग उचलली आणि उतरले. माझी गाडी गेली. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो, पुढची गाडी येईपर्यंत आणि तीही जाईपर्यंत. मी काही विचारलं नाही. मी निघताना त्यांनी सोललेले दाणे रुमालात बांधून पिशवीत ठेवले, खाल्ले नाहीत. मग आलेल्या गाडीत मी चढले आणि वळून पाहिलं तेव्हा त्या मनगट वळवून घड्याळ बघत होत्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

निखिल आलेला नाही. शितोळे सर आता त्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत. नवीन शिक्षक रुजू झाला की ते त्याला आधी वर्गाचं दार वाजवायला शिकवतात आणि मग तो शब्द सांगतात. पेटी टाकीमागेच आहे. तिथली मुलं अजून रोज सकाळी 'हजर' म्हणतात किंवा 'हाय' म्हणतात, आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नाही.